पॉइंट दोन म्हणजे शून्य

माझी उंची किती, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगता आलं नाही. सिल्वासाजवळ खडोलीच्या एका धागा रंगवायच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी रुजू होत होते. सुरक्षेचे बूट आणि एप्रन देण्याआधी माप लिहून घ्यायला एक काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "उंची?"

"पाच तीन."

"पाच काय? तीन काय?"

मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी मोठ्यानं म्हणाले, "पाच फूट तीन इंच."

"सेंटिमीटरमध्ये सांग."

"माहीत नाही, सर."

"बी.एस्सी. ना गो तू?" असं म्हणून त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि टेप लावला. "एकशे एकोणसाठ पूर्णांक चार सेंटिमीटर. म्हणजे पाच फूट तीन इंचसुद्धा नाहीस. सहा मिलिमीटर कमी. घरच्यांनी स्थळांसाठी वाढवली असेल." रांगेतली सगळी माणसं हसली. मी बूट घेतले आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. पुढची अडीच वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

कारखान्यातली सगळी मापं सरांच्या ताब्यात होती. वजनकाटे, थर्मामीटर, दाबाचे मीटर, सगळं. कोणता काटा खोटं बोलतो, किती बोलतो, कधीपासून बोलतो, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे 'पाच-काय साहेब' म्हणत, कारण कुणीही नुसता आकडा उच्चारला की सर त्याला तिथेच अडवायचे. स्टोअरकीपर म्हणाला, "साहब, पचास आया है," तर "पचास क्या? पचास हाथी?" त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. आकडा नागडा बाहेर पाठवू नये, एकक घालून पाठवावा. नव्या पोरींसमोर हे वाक्य बोलताना ते थोडे लाजत, पण बोलत मात्र नक्की.

अथालला कंपनीची बस थांबायची तिथे एक चहाची टपरी होती. सरांनी एकदा खिशातून मोजपात्र काढलं आणि कटिंग चहा त्यात ओतला. "बेचाळीस मिलिलीटर. काल एकावन्न होता." टपरीवाल्यानं कपाळाला हात लावला. "काका, चा पीवो ने! ठंडी थई जशे." सर थंड चहा प्याले, पण दुसऱ्या दिवसापासून त्या टपरीवर कटिंग भरून मिळू लागला, आणि तो फायदा आम्हा सगळ्यांचा झाला. टोकरखाड्याच्या भाजीबाजारात ते पिशवीत शिक्का मारलेलं एक किलोचं वजन घेऊन जात आणि भाजी घ्यायच्या आधी ते भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवत. "आव्या काटलावाळा काका," म्हणजे वजनवाले काका आले, असं म्हणत बायका आधीच काटा पुसून ठेवायच्या.

कपाटात निळ्या मखमलीच्या पेटीत त्यांची प्रमाण वजनं असत. त्यांना कुणी बोट लावायचं नाही. चिमट्यानं उचलायची, तेही श्वास रोखून. एकदा मी हातानं उचललं तर सर ओरडले नाहीत, नुसते पांढरे पडले. मग स्पिरिटनं ते वजन पुसत म्हणाले, "हाताच्या घामालाही वजन असतं गो." वर्षातून एकदा ही पेटी तपासणीला जायची, तेव्हा गाडीत ते ती मांडीवर घेऊन बसत. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

काळवेळाचंही तेच. "सर, लगेच येते," असं म्हणायची सोय नव्हती. "लगेच म्हणजे किती?" शेवटी आमची सगळी प्रयोगशाळा "चार मिनिटांत येते", "सात मिनिटांत देते" असं बोलायला लागली. मी फोनवर आईशीही तसंच बोलू लागले, आणि ती घाबरली की पोरीला तिथे कुणी काही केलं की काय.

ते टोकरखाड्यात दोन खोल्यांत एकटे राहत. बायको गावी, देवरुखच्या बाजूला, साखरेच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी पाचला प्रयोगशाळेतूनच तिला फोन. "किती आली आज?" ती काहीतरी सांगायची. "दोनशे दहा काय? दोनशे दहा काय म्हणून विचारतोय!" आणि मग पलीकडून हसण्याचा आवाज यायचा, तो आम्हालाही ऐकू येई. ती मुद्दामच नुसता आकडा सांगत असावी, असं मला वाटतं.

त्यांचं खरं भांडण मात्र 'किलो'शी होतं. आमच्या कारखान्यात काय, सिल्वासाच्या कुठल्याही कारखान्यात दाब किलोतच बोलतात. "प्रेशर साडेतीन किलो झालं," असं. खरं तर ते दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो असं असतं, पण एवढं लांब कोण बोलणार? सर चिडायचे. "किलो हे वांग्यांचं माप आहे! दाबाला पास्कल म्हणायचं. सगळ्या जगात पास्कल चालतं आणि आमच्याकडे वांगी!" कामगारांना ही मजाच झाली होती. रंगाईच्या भांड्यावरचा निंबा तर दाब पुरेसा चढला की दारातूनच हाक मारायचा, "सर, वांगे शिजले! उतारू का?"

निंबा साक्रीकडचा, म्हणजे माझ्याच मुलखातला. तिशीचा, दणकट, सतत गाणं गुणगुणणारा. बायको सरला आणि दोन मुली खडोलीतच चाळीत. माझ्याशी अहिराणीतच बोलायचा. "ताई, तुम्ही साहेब व्हई गयात, तरी भाकर खातस ना?" त्याचं भांडं म्हणजे माणसाच्या छातीएवढं उंच, लोखंडी, बंद पिंप. त्यात धाग्याच्या कोन्या, म्हणजे गुंडाळलेली रिळं, घालून, झाकण आवळून, वाफेच्या दाबाखाली रंग शिजवायचा. शेवटी वाफ सोडायची, दाब शून्यावर आला की झाकण उघडायचं. दाब असताना उघडलं तर आतलं उकळतं पाणी अंगावर. झाकणाला एक सुरक्षा-कुलूप होतं, दाब असेल तर झाकण उघडूच न देणारं. ते बिघडून कितीतरी महिने झाले होते आणि तारेनं बांधून ठेवलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी त्याची तीन पत्रं लिहिली होती, त्यांच्या प्रती त्यांच्याकडे होत्या.

मी लागल्यावर चारेक महिन्यांनी निंबानं तक्रार केली की भांड्यावरच्या मीटरचा काटा शून्यावर येतच नाही. वाफ पूर्ण सुटली तरी पॉइंट दोनवर अडतो, आणि तो शून्याची वाट बघत बसतो. मी तेव्हा रंगाचा नमुना घ्यायला तिथेच उभी होते. सरांनी काटा तपासला. खरंच तेवढी चूक होती. नवा मीटर मागवायचा तर अर्ज, मंजुरी, महिने. निंबाच्या मागे सुपरवायझर ओरडत होता, "जल्दी खोल, अगला लॉट खडा है!" सर घाईत होते, बायकोच्या फोनची वेळ झाली होती. ते म्हणाले, "हे बघ, पॉइंट दोन म्हणजे शून्य समज. पॉइंट दोन दिसलं की खुशाल उघड."

आणि चालू लागले.

मला हसू फुटलं. पॉइंट दोन काय, सर? पॉइंट दोन हत्ती? असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. अडीच वर्षांत सरांना मी बिनएककाचं बोलताना एवढं एकदाच पकडलं. विचारायचं धाडस झालं नाही, पण त्या संध्याकाळी आईला फोनवर हे रंगवून सांगितलं. म्हणजे आठवण पक्की आहे. ही गोष्ट इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

निंबानं ते वाक्य मंत्रासारखं धरलं. पुढचं दीड वर्ष पॉइंट दोन आलं की तो झाकण उघडायचा, आणि काही झालं नाही, कारण त्या काट्यापुरतं सरांचं म्हणणं बरोबर होतं.

मग एकदाचा नवा मीटर आला. काट्याचा नव्हे, लाल आकडे दाखवणारा. सर लहान मुलासारखे खूश झाले. त्यात एकक बदलायची सोय होती. किलोत ठेवायचा की पास्कलमध्ये, ते सरांच्या हातात होतं. त्यांनी मेगापास्कल ठेवलं. मी म्हटलं, "सर, लोकांना किलोची सवय आहे." ते म्हणाले, "म्हणूनच. आता तरी शिकतील." भांड्याशेजारी त्यांनी तक्ता लावला, मराठीत, हिंदीत, गुजरातीत: एक मेगापास्कल म्हणजे साधारण दहा किलो. दोन्ही पाळ्यांना गोळा करून शिकवलं, एकेकाकडून वदवून घेतलं. निंबा त्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. तो आला की त्याला वेगळं शिकवायचं, असं सरांनी त्यांच्या वहीत लिहून ठेवलं.

निंबा सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी आला, सोमवारी. सर त्या दिवशी बायकोला तपासणीला न्यायचं म्हणून रजेवर होते.

दुपारी पावणेचारच्या सुमाराला आवाज झाला. स्फोट म्हणतात तसा नव्हे. मोठ्यानं कुणीतरी श्वास सोडावा तसा, आणि मग माणसं. मी धावले. जे पाहिलं ते लिहिणार नाही. वाफेच्या नळीत धाग्याचा पुंजका अडकून ती तुंबली होती. त्यामुळे सूं सूं आवाज थांबला होता, वाफ संपल्यासारखी. आणि मीटरवर लाल आकड्यांत होतं पॉइंट दोन. मेगापास्कलमध्ये पॉइंट दोन, म्हणजे निंबाच्या भाषेत दोन किलो. जुन्या काट्याच्या पॉइंट दोन किलोच्या चुकीच्या दहापट.

तो तिसऱ्या दिवशी गेला.

सर परतले ते थेट भांड्यापाशी गेले. कामाच्या नोंदीचा कागद तिथेच खुंटीला होता. शेवटची ओळ निंबाच्या अक्षरात, वेळ आणि पुढे ०.२. कागदाच्या त्या रकान्याला 'प्रेशर' एवढंच नाव होतं, एकक छापलेलंच नव्हतं. सर तो कागद हातात धरून किती वेळ उभे होते, कोण जाणे. मी मोजलं नाही.

कंपनीनं चौकशी समिती नेमली. तिचं म्हणणं आधीच ठरलेलं होतं. नवा मीटर बरोबर होता, तपासणीचं प्रमाणपत्र होतं, तक्ता लावलेला होता. कामगारानं मीटर न पाहताच झाकण उघडलं. तारेनं बांधलेल्या कुलपाचा उल्लेखही नको होता.

सरांनी दोन पानी जबाब लिहिला. स्वच्छ अक्षरात, समास सोडून. कुलपाची तीन पत्रं जोडली. निंबानं मीटर पाहिला होता आणि लिहिलाही होता, असं नोंदीचा कागद दाखवून सांगितलं. आणि खाली: 'पॉइंट दोन म्हणजे शून्य समजावे, असे मीच मयतास तोंडी सांगितले होते. सांगताना एकक सांगितले नाही. मीटर मेगापास्कलमध्ये ठेवण्याचा निर्णयही माझा. मयताची चूक नाही.' समितीनं ते वाचून एकमेकांकडे पाहिलं. नोंद काय, कामगार आधीच भरून ठेवतात, असं एकानं म्हटलं. दुसरा हळहळला, साहेबांनी मनाला फारच लावून घेतलंय. सर म्हणाले, "मी सांगताना प्रयोगशाळेतली मुलगी तिथे होती. तिला विचारा."

माझी कायम होण्याची चिठ्ठी त्या महिन्यात निघायची होती. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. "बेन, आपका कन्फर्मेशन आनेवाला है ना? अच्छी बात है. कल जो पूछेंगे, उतना ही बोलना. सर की उमर हो गयी है, कुछ भी याद आता है उनको." चहा मी प्याले, हेही लिहून ठेवते.

समितीनं विचारलं, "सरांनी कामगाराला असं काही सांगितल्याचं तुम्हाला आठवतं का?"

मी म्हणाले, "नाही आठवत."

सर समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या आपल्या जबाबाची पानं त्यांनी नीट एकावर एक लावली, टाचणी टोचली आणि फाइलमध्ये ठेवली. अहवालात लिहिलं गेलं: मीटर न पाहता झाकण उघडल्याने.

त्यानंतर सर बदलले. म्हणजे अगदी साधे झाले. स्टोअरकीपर म्हणाला, "साहब, तीस आया," तर नुसती मान हलवत. टपरीवर मिळेल तेवढा चहा पीत. कटिंग पुन्हा लहान झाला. संध्याकाळी पाचला फोन लावत, पलीकडून बायको आकडा सांगे, आणि सर म्हणत, "बरं." दोन-तीनदा असं झाल्यावर ती माउली स्वतःच एकक सांगायला लागली असावी, कारण सर एकदा फोन कानाला तसाच धरून डोळे पुसताना मला दिसले. मला तेव्हा त्यांच्या पाया पडायचं होतं. मी बीकर धूत राहिले.

निवृत्तीला दोन महिने होते, तोवर ते थांबले नाहीत. शेवटच्या दिवशी किल्ल्या माझ्या हवाली केल्या. कपाट उघडून मखमलीची पेटी दाखवली, चिमटा दाखवला. मग पिशवी खांद्याला लावून दारात थांबले.

"त्या दिवशी समितीनं विचारल्यावर किती वेळ लागला गो तुला, नाही म्हणायला?"

माझ्या तोंडून गेलं, "लगेच म्हणाले, सर."

"लगेच म्हणजे किती?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच उत्तरासाठी थांबले होते. मग म्हणाले, "राहू दे," आणि गेले. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. गावी फोन केला तर उचलतात, बायकोची साखर एककासकट सांगतात आणि ठेवतात.

मी कायम झाले. आता सरांच्या खुर्चीवर बसते. नव्या पोरींना "पाच काय?" म्हणून छळते, आणि त्या पाठीमागे मलाही तेच नाव ठेवतात.

सरलाला कंपनीनं पॅकिंगला लावलं. महिन्यातून एकदा मी तिथे जाऊन काही खोक्यांची वजनं तपासते. ती खोकं काट्यावर चढवते, आकडा सांगते, मी लिहिते. गेल्या महिन्यात तिनं खोकं चढवलं आणि म्हणाली, "तेवीस."

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "तेवीस काय?"

ती हसली. "किलोच ना ताई. दुसरं काय राहास?"

पेन माझ्या हातातच राहिलं. तिच्या नवऱ्यालाही दुसरं काही असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ते सांगायचं होतं ते सर एक दिवस उशिरा पोचले, आणि जिला माहीत होतं ती मी गप्प बसले. मला एकदम ते सगळं असह्य झालं. पॅकिंगच्या त्या गोंगाटात, उभ्या उभ्या, मी तिला सांगितलं. जुना काटा, सरांचं वाक्य, नवा मीटर, नोंदीच्या कागदावरची शेवटची ओळ, आणि माझं 'नाही आठवत'.

शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे त्यासनी मीटर देखा व्हता?"

"पाहिला होता. लिहिलाही होता."

"माले तं सांगं, देखाच नही. त्यास्ना बाप बी तेच म्हनस आजून. पोरी बी तेच म्हनतीस." तिनं खोक्याच्या पट्टीवर बोट फिरवलं. "देखीसन उघाडं व्हतं."

"हो."

"मंग तवय काब्र नही सांगं?"

मी म्हणाले, "घाबरले होते." ते उत्तर माझ्याच कानाला फार लहान वाटलं.

मागे ट्रॉलीवाला खोळंबला होता. सरलानं तेवीसचं खोकं उतरवलं, पुढचं उचलून काट्यावर ठेवलं. मी वही सरळ केली आणि आकड्याची वाट पाहिली. तिनं काट्याच्या आकड्यांचा डबा दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडासमोर फिरवला.

"आते तुम्हीच वाचा," ती म्हणाली.